पाच ठोक्यांची शिदोरी

देश सोडून निघालेल्या माणसाच्या सामानाची झडती घेता येते. पेटीत काय आहे, अंगावर कोणता दागिना आहे, खिशात किती पैसे आहेत, हे सारे जकात अधिकारी मोजू शकतो. परंतु त्या माणसाच्या बोटांत भिनलेली लय आणि ओठांवर बसलेली गाणी यांची नोंद कोणत्याही सरकारी वहीत होत नाही. घरदार, जमीनजुमला आणि आप्तेष्ट यांना मुकलेले लोक परमुलखात पोहोचतात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्यापाशी एवढीच शिदोरी उरलेली असते. कॅरिबियन समुद्रातील क्यूबा बेटाच्या संगीतकारांची गेल्या शंभर वर्षांची कथा ही अशा शिदोरीची कथा आहे. त्यांनी ती नव्या देशात कशी नेली, कशी जपली, परक्यांच्या पानात कशी वाढली आणि वाढताना त्यांना कोणती किंमत मोजावी लागली, हे समजून घेण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

बेटाची घडण

क्यूबाचे संगीत मुळातच देशांतरितांनी घडविलेले आहे. स्पॅनिश वसाहतकारांबरोबर गिटार, दशपदी काव्यरचना आणि चर्चमधील गायन बेटावर आले. त्यांच्या उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून आठ लाखांच्या आसपास गुलाम आणले गेले. हे लोक स्वेच्छेने आले नव्हते. त्यांच्या हाती कोणतेही वाद्य नव्हते. परंतु ढोल कसा घडवावा आणि कसा बोलका करावा, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते. १७९१ मध्ये शेजारच्या हैतीत गुलामांचा उठाव झाला आणि तेथील फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह पूर्व क्यूबात आश्रयाला आले. त्यांच्याबरोबर फ्रेंच दरबारी नाच आणि आफ्रिकी ढोल असे दुहेरी धन सांतियागो शहरात उतरले.

गुलामगिरीच्या त्या काळात आफ्रिकी लोकांना आपापल्या वंशानुसार मंडळे स्थापण्याची मुभा होती. या मंडळांना 'काबिल्दो' म्हणत. चर्चच्या बंधुसंघांच्या धर्तीवर चालणारी ही मंडळे आजारी सभासदाची शुश्रूषा करीत, मृताला मूठमाती देत आणि एखाद्या संताचा सण साजरा करीत. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणादिवशी, हवानाच्या रस्त्यांवर त्यांच्या मिरवणुका निघत. त्या एका दिवशी गुलाम आपल्या ढोलांसह राजरस्त्यावर येत असे. संतांच्या नावाआड आफ्रिकी दैवतांचीही उपासना चाले. संत बार्बरा म्हणजे चांगो, संत लाझरस म्हणजे बाबालू आये, अशी सरमिसळ झाली. चर्चला ती मान्य होणे शक्य नव्हते. तरीही, काबिल्दोच्या आश्रयाने आफ्रिकी ताल जिवंत राहिले नसते तर आज ज्याला आपण क्यूबाचे संगीत म्हणतो ते उरलेच नसते, हे इतिहासाने मान्य केले पाहिजे. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये.

१ जानेवारी १८७९ रोजी मातान्सास शहरात मिगेल फाइल्दे या संगीतकाराने 'दान्सोन' हा नवा नृत्यप्रकार सादर केला. तो दिवाणखान्यातला, संथ आणि ऐटबाज. त्याच सुमारास पूर्वेकडील डोंगराळ भागात 'सोन' नावाचा गीतप्रकार रूढ होत होता. त्रेस हे दुहेरी तारांच्या तीन जोड्यांचे गिटारसारखे वाद्य, जोडढोलकी म्हणजे बोंगो, खुळखुळ्यासारखे माराकास आणि क्लावे नावाच्या दोन कठीण लाकडी काठ्या एवढ्या सामग्रीवर सोन उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी सैनिकांबरोबर आणि मजुरांबरोबर तो हवानाला पोहोचला. प्रतिष्ठितांनी प्रथम नाक मुरडले. पुढे दहा-पंधरा वर्षांत त्यांच्याच मेजवान्यांतून तो वाजू लागला.

या साऱ्या संगीताचा कणा म्हणजे क्लावेचे पाच ठोके. एका मात्रागटात तीन आणि दुसऱ्यात दोन, किंवा आधी दोन आणि मग तीन. गायक, ढोलवादक, पियानोवादक, सर्वांनी आपापली वाट चालायची, पण या पाच ठोक्यांशी इमान राखून. आपल्याकडे कितीही ताना घेतल्या तरी समेवर यावे लागते, तसाच हा बंध आहे. हा बंध ज्याला उमगला त्याला क्यूबाचे संगीत उमगले. ज्याला नाही, त्याच्या हाती नुसता गोंगाट राहतो. पुढे परदेशी गेलेल्या वादकांची सारी धडपड परक्यांना हे पाच ठोके ऐकावयास शिकविण्याचीच होती.

हार्लेममधील शाळा

एप्रिल १९३० मध्ये दोन आस्पियासू यांचा हवानाचा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये उभा राहिला. गायक होते आंतोनिओ माचीन आणि गीत होते मोइसेस सिमोन्स यांचे 'एल मानिसेरो', म्हणजे 'शेंगदाणेवाला'. रस्त्यावरील फेरीवाल्याच्या हाळीवर रचलेल्या या गीताची तबकडी अमेरिकाभर गाजली. मौजेची गोष्ट अशी की, तबकडीवर 'रुम्बा' असे छापले होते. वस्तुतः ते गीत सोन प्रकारातले. रुम्बा हा गोदीतील आणि गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीयांचा केवळ ढोल आणि आवाज यांवर चालणारा वेगळाच प्रकार. नव्या देशाने पाहुण्याचे स्वागत केले ते चुकीच्या नावाने. हा दोष पुढे अनेकदा घडला.

त्याच वर्षी मारिओ बाउसा नावाचा एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण न्यूयॉर्कला स्थायिक झाला. तो हवानाच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवीत असे. १९२६ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी तो एकदा न्यूयॉर्कला येऊन गेला होता. हार्लेममधील कृष्णवर्णीयांचे ताठ मानेने चाललेले जीवन आणि तेथील जॅझ संगीत यांनी त्याच्या मनावर कायमचा ठसा उमटविला होता. आता तो परतला. माचीन यांना ट्रम्पेटवादक हवा होता, म्हणून त्याने अल्पावधीत ट्रम्पेट आत्मसात केले. पुढे चिक वेब यांच्या नामांकित जॅझ वाद्यवृंदाचा तो संगीत दिग्दर्शक झाला आणि नंतर कॅब कॅलोवे यांच्याकडे गेला. तेथे त्याने डिझी गिलेस्पी या होतकरू ट्रम्पेटवादकाला संधी मिळावी म्हणून आपण आजारी असल्याचे सांगून स्वतःची खुर्ची त्याला दिली, ही हकिकत संगीतविश्वात प्रसिद्ध आहे.

बाउसा यांनी जॅझचे घर आतून पाहिले होते आणि क्यूबाचे घर तर त्यांचे स्वतःचेच होते. दोहोंमध्ये दार काढता येईल, असे त्यांना वाटू लागले. त्यांचे मेहुणे फ्रँक ग्रिलो, म्हणजेच माचितो, १९३७ मध्ये न्यूयॉर्कला आले. १९४० मध्ये दोघांनी मिळून वाद्यवृंद उभारला आणि त्याचे नाव ठेवले 'माचितो आणि त्याचे आफ्रो-क्यूबन्स'. ज्या काळात आफ्रिकी रक्त लपविण्याकडे लोकांचा कल होता त्या काळात हे नाव पाटीवर झळकविणे हे धैर्याचे काम होते. १९४३ मध्ये बाउसा यांनी रचलेल्या 'तांगा' या रचनेत क्लावेच्या पायावर जॅझची इमारत प्रथमच पक्की उभी राहिली, असे जाणकार मानतात.

१९४७ मध्ये बाउसा यांनीच गिलेस्पी यांची गाठ चानो पोसो या हवानाच्या ढोलवादकाशी घालून दिली. चानो गरीब वस्तीत वाढलेला. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि गिलेस्पी यांना स्पॅनिश येत नव्हते. तरीही त्याच वर्षी २९ सप्टेंबरला दोघे कार्नेगी हॉलमध्ये एकत्र वाजले आणि वर्षअखेरीस त्यांची 'मांतेका' ही रचना ध्वनिमुद्रित झाली. अमेरिकन वादकांना चानो बसमधून प्रवास करताना निरनिराळे ताल शिकवीत असे. डिसेंबर १९४८ मध्ये हार्लेमच्या एका बारमध्ये गोळी लागून त्याचा अंत झाला. न्यूयॉर्कमध्ये तो उणीपुरी दोन वर्षे राहिला. पण त्या दोन वर्षांनी जॅझमधील तालवाद्यांचे स्थान बदलून टाकले.

ब्रॉडवे आणि त्रेपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील पॅलेडियम हे नृत्यगृह चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माम्बोचे माहेरघर बनले. तेथे माचितो यांच्याबरोबरच तितो पुएन्ते आणि तितो रोद्रीगेस या पोर्तो रिकन वंशाच्या कलावंतांचे वाद्यवृंद वाजत. नाचावयास येणाऱ्यांत ज्यू होते, इटालियन होते, कृष्णवर्णीय होते, पोर्तो रिकन होते. शहराच्या इतर भागांत ज्यांना एका टेबलाशी बसणे अवघड होते, ते तेथे एका लाकडी फरशीवर पाय टाकीत. १९६६ मध्ये पॅलेडियम बंद झाले.

आर्सेनिओ रोद्रीगेस

या सर्वांमध्ये परंपरेशी सर्वांत घट्ट बांधलेले आणि म्हणूनच कदाचित सर्वांत उपेक्षित राहिलेले नाव म्हणजे आर्सेनिओ रोद्रीगेस. मातान्सास प्रांतात १९११ मध्ये, कांगो प्रदेशातून आणलेल्या गुलामांच्या वंशात त्यांचा जन्म झाला. लहानपणी जनावराची लाथ बसून त्यांची दृष्टी गेली. अंधत्वातही ते त्रेस शिकले आणि त्या वाद्याचे श्रेष्ठ वादक ठरले. १९४०च्या सुमारास त्यांनी सोनच्या छोट्या ताफ्यात कोंगा ढोल, पियानो आणि अनेक ट्रम्पेट यांची भर घातली. आज जगभर ज्या प्रकारचा लॅटिन वाद्यवृंद दिसतो त्याचा आराखडा या अंध माणसाने घातलेला आहे. गुलामांच्या मोडक्यातोडक्या बोलीतील शब्द आणि त्यांचे दुःख त्यांनी आपल्या गीतांत निःसंकोचपणे आणले.

१९४७ मध्ये ते नेत्रशस्त्रक्रियेच्या आशेने न्यूयॉर्कला आले. तेथील विख्यात नेत्रतज्ज्ञाने तपासून सांगितले की, आता दृष्टी परत येणे शक्य नाही. त्या निराशेतून त्यांचे 'ला बिदा एस उन स्वेन्यो' हे बोलेरो गीत जन्मले. 'जीवन हे एक स्वप्न आहे' असा त्याच्या नावाचा अर्थ. पन्नासच्या दशकाच्या आरंभी आपला हवानाचा ताफा सहकाऱ्याच्या हाती सोपवून ते अमेरिकेत राहावयास आले. परंतु न्यूयॉर्कला वेगवान, झगमगीत माम्बो हवा होता. आर्सेनिओ यांचा सोन संथ आणि खोल होता. ते हार्लेम आणि ब्राँक्समधील आपल्या लोकांसाठी वाजवीत राहिले. डिसेंबर १९७० मध्ये लॉस एंजेलिस येथे, फारसा गाजावाजा न होता, ते निवर्तले.

त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात लॅरी हार्लो या ब्रुकलिनच्या ज्यू पियानोवादकाने आर्सेनिओ यांना अर्पण केलेला ध्वनिसंग्रह काढला. लोक आर्सेनिओ यांना 'अद्भुत आंधळा' म्हणत, म्हणून हार्लो यांना 'अद्भुत ज्यू' हे टोपणनाव मिळाले. गुरूचा वारसा रक्ताच्या नात्याबाहेर गेला, पण खरा उतरला.

समुद्रापलीकडे राहिलेले घर

१ जानेवारी १९५९ रोजी क्यूबात क्रांती झाली. आरंभी अनेकांनी तिचे स्वागत केले. पुढे मालमत्ता सरकारजमा झाल्या, कॅथलिक शाळा बंद झाल्या, सप्टेंबर १९६१ मध्ये शंभराहून अधिक धर्मगुरूंना 'कोवादोंगा' जहाजावर बसवून देशाबाहेर घालविण्यात आले. लोक लाखोंच्या संख्येने बाहेर पडू लागले. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या अवधीत तर चौदा हजारांहून अधिक मुले आईवडिलांवाचून एकटी अमेरिकेत आली. मायामी धर्मप्रांताच्या कॅथलिक सेवासंस्थेने फादर ब्रायन वॉल्श यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा सांभाळ केला. या मुलांपैकीच विली चिरिनो हा पुढे निर्वासितांचा लोकप्रिय गायक झाला.

या लाटेत संगीतकारांची एक पिढीच देशोधडीस लागली. सेलिया क्रूस या 'सोनोरा मातान्सेरा' ताफ्याच्या गायिका जुलै १९६० मध्ये कार्यक्रमासाठी मेक्सिकोला गेल्या त्या परतल्याच नाहीत. एप्रिल १९६२ मध्ये त्यांची आई वारली. अंत्यविधीसाठी मायदेशी येण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. ज्या देशाची गाणी त्या जगाला ऐकवीत होत्या, त्या देशात आईच्या कबरीवर मूठभर माती टाकणेही त्यांच्या नशिबी नव्हते.

कॉन्ट्राबासवादक इस्राएल लोपेस, म्हणजेच काचाओ, १९६२ मध्ये बाहेर पडले. क्यूबाचा राष्ट्रपुरुष होसे मार्ती जेथे जन्मला त्याच हवानातील घरात १९१८ मध्ये काचाओ यांचा जन्म झाला होता. बाराव्या-तेराव्या वर्षी ते फिलहार्मोनिक वाद्यवृंदात उभे राहिले. आपले बंधू ओरेस्तेस यांच्यासह त्यांनी दान्सोनच्या शेवटच्या भागाला जी नवी गती दिली तिच्यातून माम्बो जन्मास आला. असा हा माणूस माद्रिद, न्यूयॉर्क, लास वेगास असा फिरत मायामीत पोहोचला आणि तेथे लग्नसमारंभ, बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या मेजवान्या यांत वाजवून पोट भरू लागला. त्या मेजवान्यांत जेवणाऱ्या किती जणांना ठाऊक होते की, कोपऱ्यात उभा असलेला हा वयस्क वादक माम्बोच्या जनकांपैकी एक आहे? १९९३ मध्ये अभिनेता अँडी गार्सिया यांनी, जे स्वतः बालपणी क्यूबातून आले होते, काचाओ यांच्यावर चित्रपट काढला. तेव्हा काचाओ पंचाहत्तर वर्षांचे होते. पुढे त्यांच्या ध्वनिसंग्रहाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २००८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते वारले.

पण त्या उपेक्षेच्या वर्षांना आपण वाया गेलेली वर्षे म्हणावे काय? परंपरा रंगमंचावर चमकते, परंतु ती टिकते लग्नाच्या मांडवात आणि बारशाच्या घरात. मायामीतील ज्या मुलांनी स्वतः क्यूबा कधी पाहिला नाही त्यांच्या पायांना दान्सोनची चाल कोणी शिकविली असेल तर ती अशाच मेजवान्यांतील वादकांनी. दोन वर्षांची असताना आईवडिलांबरोबर आलेल्या ग्लोरिया एस्तेफान इंग्रजी गीतांनी जगप्रसिद्ध झाल्या. १९९३ मध्ये त्यांनी 'मी तिएर्रा', म्हणजे 'माझी भूमी', हा जुन्या धाटणीच्या स्पॅनिश गीतांचा संग्रह काढला, तेव्हा साथीला काचाओ होते. नातवंडांना आजोबांची भाषा पुन्हा हवीशी वाटली, त्या वेळी ती शिकविणारे आजोबा अजून हयात होते, हे त्यांचे भाग्य.

पियानोवादक बेबो वाल्देस यांची वाट आणखी एकाकी. १९६० मध्ये कुटुंब मागे ठेवून ते निघाले आणि युरोपात फिरता फिरता स्वीडनमध्ये स्थिरावले. हवानाच्या त्रोपिकाना नृत्यगृहाचा हा एके काळचा नामवंत संगीतकार तीन दशके स्टॉकहोमच्या हॉटेलांतून पियानो वाजवीत होता. त्यांचा मुलगा चुचो क्यूबातच वाढला आणि तेथील अग्रगण्य पियानोवादक झाला. १९९४ मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यानंतर, बेबो यांचे नाव पुन्हा जगासमोर आले. २००० मध्ये 'काये ५४' या चित्रपटात पितापुत्र समोरासमोर दोन पियानोंवर बसले. २००८ मध्ये दोघांचा जो ध्वनिसंग्रह निघाला त्याचे नाव 'सदैव एकत्र'. दोघांची राजकीय मते आणि देश भिन्न होते. त्यांच्या हातांना मात्र एकच चाल ठाऊक होती. २०१३ मध्ये बेबो यांचे निधन झाले.

सागरकिनाऱ्याचे मंदिर

निर्वासितांच्या या जीवनात क्यूबाच्या माउलीचे स्थान सांगितल्यावाचून ही कथा अपुरी राहील. सतराव्या शतकाच्या आरंभी नीपेच्या उपसागरात मीठ आणावयास गेलेल्या दोन आदिवासी भावांना आणि एका कृष्णवर्णीय मुलाला पवित्र मरियेची लहानशी मूर्ती पाण्यावर तरंगताना आढळली, अशी परंपरा आहे. ही 'प्रेमदयेची माता' १९१६ मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी क्यूबाची आश्रयदात्री घोषित केली. ८ सप्टेंबर १९६१ रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, तिची एक मूर्ती परदेशी वकिलातीच्या साहाय्याने गुप्तपणे मायामीत आणली गेली आणि क्रीडागारात जमलेल्या हजारो निर्वासितांनी तिच्यासमोर मिस्सा अर्पिली. लोकांनी पैसा पैसा जमवून बिस्केन उपसागराच्या काठी तिचे मंदिर उभारले. १९७३ मध्ये त्याचे समर्पण झाले. स्वतः 'कोवादोंगा' जहाजावरून हद्दपार झालेले आणि पुढे साहाय्यक महागुरू झालेले आगुस्तिन रोमान यांनी तेथे एक सुंदर प्रथा पाडली. क्यूबातील प्रत्येक गावच्या निर्वासितांना वर्षातील ठराविक दिवस नेमून दिला. त्या दिवशी त्या गावच्या लोकांनी एकत्र यावे, मिस्सा ऐकावी, जुन्या ओळखी जागवाव्यात. नकाशावरचे गाव हातचे गेले होते. पण मंदिराच्या दिनदर्शिकेत त्याला एक दिवस मिळाला.

मारिएलचे ढोल

१९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत आले. त्यांत पुष्कळ गरीब आणि कृष्णवर्णीय होते. आधी आलेल्यांनीही त्यांचे स्वागत मनापासून केले असे म्हणता येत नाही. परंतु या लोकांबरोबर जे आले ते आधीच्या लाटेत फारसे आले नव्हते, ते म्हणजे उपासनेच्या ढोलांचे सखोल ज्ञान. 'बाता' हे तीन ढोल आई, मधला आणि लहान अशा क्रमाने एकमेकांशी बोलतात असे मानतात. ओर्लांदो रिओस, ज्यांना 'पुंतिया' म्हणत, हे हवानाचे श्रेष्ठ बातावादक न्यूयॉर्कमध्ये कित्येकांचे गुरू झाले. मातान्सासचे फेलिपे गार्सिया वियामिल पिढीजात वादकांच्या घराण्यातले. नव्या देशात त्यांनी स्वतःच्या हातांनी ढोल घडविले, मुलांना शिकविले आणि परक्यांनाही शिकविले. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने त्यांना वारसा-सन्मान दिला.

शिकविताना एक पेच उभा राहिला. हे ताल उपासनेचे. ते कोणाला शिकवावेत? ज्याची त्यांवर श्रद्धा नाही त्याने ते केवळ कौशल्य म्हणून वाजवावेत काय? रंगमंचावरचे ढोल वेगळे आणि उपासनेचे वेगळे ठेवावेत, अशी वाट अनेक गुरूंनी काढली. आपली श्रद्धा निराळी असली तरी या प्रश्नातील गांभीर्य आपण ओळखू शकतो. पवित्र वस्तू वाटावी तर ती स्वस्त होण्याची भीती, आणि कोंडून ठेवावी तर नष्ट होण्याची. ज्यांनी वाटणे पत्करले त्यांनी सोपा निर्णय घेतला नव्हता.

नाव कोणाचे?

साठ-सत्तरच्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये या संगीताला 'साल्सा' हे नवे नाव मिळाले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या फानिया कंपनीने ते जगभर नेले. तिच्या कलावंतांत पोर्तो रिकन बहुसंख्य होते आणि त्यांनी आपले स्वतःचे पुष्कळ काही त्यात ओतले. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील जीवन त्यांच्या गीतांत उतरले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण पाया सोनचा होता. अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केल्याने बेटावरील रचनाकारांना मानधन पोहोचविण्याचा मार्ग खुंटला होता. अनेक तबकड्यांवर रचनाकाराच्या नावाच्या जागी 'हक्क राखीव' या अर्थाची केवळ दोन अक्षरे छापली जात. ज्याचे गीत त्याचे नाव नाही, ज्याची कमाई त्याला पैसा नाही. 'शेंगदाणेवाल्या'च्या वेळी नावात झालेली चूक अज्ञानाची होती. येथे मात्र सोयीचा भाग मोठा होता.

दुसरी जखम घरातलीच. जे गेले आणि जे राहिले, त्यांच्यामध्ये अविश्वासाची भिंत उभी राहिली. क्यूबात दीर्घकाळ सेलिया क्रूस यांचा आवाज आकाशवाणीवर लागत नसे. मायामीत बेटावरून आलेल्या कलावंतांविरुद्ध निदर्शने होत. ऑक्टोबर १९९९ मध्ये 'लोस वान वान' हा हवानाचा ताफा मायामीत आला तेव्हा सभागृहात श्रोते नाचत होते आणि बाहेर जमाव घोषणा देत होता. दोन्ही बाजूंची माणसे एकच लय घेऊन वाढलेली. आत जाणाऱ्याला बाहेरचा देशद्रोही म्हणत होता, आणि बाहेर उभ्या असलेल्या कित्येकांच्या घरचे कोणीतरी तुरुंगात गेलेले किंवा समुद्रात बुडालेले होते. अशा वेळी 'संगीताला सीमा नसतात' हे सुभाषित उच्चारणे फार सोपे असते. त्या आधीच्या वर्षी, जानेवारी १९९८ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांतियागोला जाऊन प्रेमदयेच्या मातेला मुकुट अर्पण केला. मायामीचे काही शेकडा भाविकही त्या भेटीच्या निमित्ताने अनेक वर्षांनी मायदेशी पाऊल टाकू शकले. भिंत पडली नाही. तिला एक फट पडली.

मुंबईपर्यंत

या लयीचे थेंब आपल्याही अंगणात पडलेले आहेत. लंडनमध्ये त्रिनिदादचे एडमुंडो रॉस क्यूबाच्या धर्तीचा वाद्यवृंद चालवीत. त्यांच्या तबकड्या मुंबईत पोहोचत आणि येथील गोमंतकीय ख्रिस्ती वादक त्या ऐकून हॉटेलांतून वाजवीत. मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५० च्या 'समाधी' चित्रपटातील एक गाणे रॉस यांच्या गीतावरून बेतले आणि १९५१ च्या 'अलबेला'त बोंगो, ट्रम्पेट यांचा भरपूर वापर केला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, त्यांच्या साथीला होते. त्या गाण्यांवर ठेका धरणाऱ्या आपल्या वाडवडिलांना त्या ठेक्याचे मूळ गाव ठाऊक नव्हते. त्यांनी आनंद घेतला यात दोष नाही. पण आता ते गाव ठाऊक झाल्यावर त्याचे नाव घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

मूठभर माती

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने २०१६ मध्ये क्यूबाच्या रुम्बाला आणि २०२३ मध्ये क्यूबा आणि मेक्सिको यांच्या बोलेरोला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. गोदीतल्या हमालांचा नाच आता जगाचा वारसा ठरला. तो तसा ठरेपर्यंत त्याला जिवंत ठेवणाऱ्या कित्येकांनी हॉटेलांच्या कोपऱ्यांत, तळघरांतील वर्गांत आणि मेजवान्यांच्या मांडवांत आयुष्य घालविले होते.

सेलिया क्रूस १९९० मध्ये क्यूबाच्या भूमीवर एकदाच उभ्या राहू शकल्या. तेही ग्वांतानामोच्या अमेरिकन नाविक तळावर, कार्यक्रमासाठी. तेथील कुंपणाजवळ वाकून त्यांनी मूठभर माती उचलली आणि ती जपून आणली. १६ जुलै २००३ रोजी, माउंट कार्मेल मातेच्या सणाच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. त्यांचे पार्थिव आधी मायामीला नेले. मग २२ जुलैला न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली. बाहेर रस्त्यांवर पावसात उभे असलेले हजारो लोक निरनिराळ्या देशांचे होते. पुष्कळांनी हवाना कधी पाहिले नव्हते, परंतु त्यांची गाणी सर्वांना पाठ होती. त्यांना ब्राँक्समधील वुडलॉन स्मशानभूमीत विसावा मिळाला. आईच्या कबरीवर जी माती त्यांना टाकता आली नाही, तिच्याच देशातली ती मूठभर माती त्यांच्याबरोबर ठेवली गेली.